पाच नंबरचा डबा

माझ्या घराच्या पडवीत एका फळीवर सहा डबे ओळीने ठेवलेले असतात. लोणच्याच्या बरणीसारखे घट्ट झाकणाचे, पारदर्शक. प्रत्येकात एक हेडमाईक (नटाच्या डोक्याला अडकवायचा बारीक माईक), त्याचा ट्रान्समीटर (नटाच्या कमरेला बांधायची, आवाज हवेतून पाठवणारी डबी), माईकच्या टोकाला लावायच्या दोन जादा टोप्या, सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि वहीचा घडी केलेला कागद. कागदावर लिहिलेलं असतं : पिन कशी जोडली आहे, गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) किती ठेवायचा, हा माईक कुणाच्या डोक्याला बसतो. माझ्याबरोबर कामाला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की तीन नंबरचा माईक चार नंबरच्या ट्रान्समीटरला कधीही लावायचा नाही, अगदी पिन बसत असली तरी.

पिन बसते, तिथेच घोळ होतो.

आमचा साऊंडचा धंदा वडिलांपासूनचा. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातल्या जत्रा हे आमचं मुख्य काम. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात त्या थेट उन्हाळ्यापर्यंत. संध्याकाळी ओट्या भरणं, रात्री पालखीची प्रदक्षिणा, आणि मग मध्यरात्रीच्या आगेमागे देवळासमोरच्या मांडवात दशावतार. पहाटे दहीकाला झाला की आम्ही वायरी गुंडाळायला घेतो. वडिलांच्या काळी माईक एकच. मांडवाच्या आडव्या वाशाला सुतळीने बांधून खाली सोडलेला, दवापासून जपायला वर प्लॅस्टिकची पिशवी. दोन भोंगे, एक अहुजाचा अॅम्प्लिफायर. नट बोलायला त्या माईकखाली यायचा, बोलून झालं की बाजूला व्हायचा. जुन्या नटांची ती चाल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. युद्धात तलवारी खणखणत गोल फिरायचे, आणि संवाद आला की दोघेही जणू ओढले गेल्यासारखे मधोमध यायचे. बसायचं बाक एक, माईक एक, आणि सगळं महाभारत त्या चार हातांत.

हेडमाईक आला आणि नट मोकळा झाला. राक्षस प्रेक्षकांतून ओरडत येऊ लागला, नारद मागच्या कोपऱ्यात उभा राहून पुटपुटू लागला आणि तरीही शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईला ऐकू येऊ लागला. याचा मला फार आनंद आहे. लटकता माईक पुन्हा यावा असं मला कधीही वाटलेलं नाही. पण तो एक माईक होता तेव्हा नट स्वतःचा आवाज स्वतः सांभाळायचा. ओरडताना मागे सरायचा, रडताना जवळ यायचा. आता माईक ओठांच्या कोपऱ्याशीच चिकटलेला. तो मागे सरू शकत नाही. म्हणजे ते मागेपुढे सरणं कुणीतरी आधीच हिशेबात धरून ठेवायला हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे आम्ही.

दशावताराला संहिता नसते, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. संध्याकाळी रंगायला बसण्याआधी कंपनीचा मालक आख्यान ठरवतो, कोण कुठलं पात्र करणार, कुठला प्रवेश कुठे, एवढं सांगतो. बाकी सगळं नटाच्या डोक्यात. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने तो जे बोलेल ते त्या रात्रीचं नाटक. नाट्यगृहातल्या नाटकात एक वाक्य बुडालं तर पुढच्या प्रयोगाला ते परत येतं. इथे बुडालं ते बुडालं.

काही वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका गावात अभिमन्यू वधाचं आख्यान होतं. अर्जुन करणारे काका आमच्या भागातले फार ताकदीचे नट. आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, झाला, त्यातल्या संकासुराने लोकांना हसवून घेतलं, मग आख्यान चढत चढत पहाटे तीनच्या सुमारास त्या जागी आलं जिथे अर्जुनाला मुलगा गेल्याचं कळतं. काका खाली बसले. मृदंग थांबला. पायपेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. त्यांनी मांडीवर नसलेल्या पोराचं डोकं घेतलं आणि जवळजवळ पुटपुटत म्हणाले, ‘बाळा अभिमन्यू, तू मातेच्या उदरात असताना मी तुला अर्धीच कथा सांगितली. उरलेली अर्धी...’ आणि मग ते उठले आणि गर्जले.

ती गर्जना कुणाला कळली नाही. स्पीकरमधून फाटलेल्या पत्र्यासारखा नुसता खरखराट आला. मी झटकन मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. खरखराट लहान झाला, पण खरखराटच राहिला. अजून खाली ओढला. जयद्रथाला सूर्यास्ताआधी मारीन, नाहीतर अग्निकाष्ठ भक्षण करीन, ही अख्खी प्रतिज्ञा तशीच फाटक्या आवाजात गेली. लोकांना गोष्ट माहीत होती म्हणून कुणी उठलं नाही. पण त्या ‘उरलेली अर्धी’च्या पुढे ते काय म्हणाले, ते समोर बसलेल्या पाचपन्नास माणसांखेरीज कुणालाही कळलं नाही, आणि मी तर मिक्सरवर मांडवाच्या पार मागे होतो.

फेडर ओढून ते का थांबलं नाही, हे मला त्या रात्री कळलं नव्हतं. नंतर समजून घेतलं आणि तेव्हापासून माझं सगळं काम बदललं. आवाज मिक्सरमध्ये फाटलाच नव्हता. तो काकांच्या कमरेला फाटला होता. ट्रान्समीटरमध्ये माईकचा सिग्नल आत शिरतो तिथेच पहिली चाळण असते. तिच्या कुवतीपेक्षा मोठा सिग्नल आला की तो तिथेच चिरडतो, आणि चिरडलेला आवाज हवेतून रिसिव्हरकडे जातो, रिसिव्हरकडून माझ्याकडे येतो. मी तो मोठा करू शकतो किंवा लहान. सरळ करू शकत नाही. मासा खाडीतच खराब झाला असेल तर घरी आणून कितीही बर्फात घाला.

माईकच्या सोबत येणाऱ्या कागदावर संवेदनशीलतेचा एक आकडा असतो, मिलिव्होल्ट प्रति पास्कल. आधी मी तो वाचतही नसे. ९४ डेसिबलचा आवाज म्हणजे १ पास्कल दाब. २० डेसिबल वाढले की दाब दहापट. म्हणजे ११४ ला १० पास्कल, १२० ला सुमारे २०. मोकळ्या मैदानात गळा कमावलेला नट प्रतिज्ञा करतो तेव्हा ओठांच्या कोपऱ्याशी एवढा दाब सहज होतो. आता डीपीए कंपनीचे एकाच घराण्यातले दोन माईक घ्या. ४०६० या माईकची संवेदनशीलता २० मिलिव्होल्ट, ४०६१ ची ६. दिसायला सारखेच, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. पण त्या गर्जनेला पहिला ४०० मिलिव्होल्ट ओततो आणि दुसरा १२०. पुढचा ट्रान्समीटर तोच. एकाच्या दाराशी पूर, दुसऱ्याच्या दाराशी भरती. पहिला माईक वाईट मुळीच नाही. हळू बोलणाऱ्या नटासाठी, बंद नाट्यगृहात, तो फार सुंदर ऐकतो. अर्जुनासाठी तो नव्हे. माझ्याकडे तेव्हा असलेला माईक यांपैकी कुठलाच नव्हता, खूप स्वस्तातला होता, पण रोग तोच. फार तिखट कानाचा माईक, आणि गेन कमी करायची सोयच नसलेला ट्रान्समीटर.

आता मी ट्रान्समीटर घेताना पहिली गोष्ट ती सोय बघतो. काहींवर बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा खिळा असतो, काहींत मेनूत आकडा असतो. आणि चाचणीची पद्धत बदलली. दुपारी नट येतात, थकलेले असतात, रात्र काढायची असते, म्हणून माईक लावून ‘हॅलो, हॅलो, बरां येता?’ एवढंच म्हणतात. त्यावर गेन लावला की रात्री घात होतो. मी आता प्रत्येकाला हात जोडून सांगतो, ‘काकानु, एकदाच, पण राक्षसासारखा वरडा.’ पहिल्या वर्षी त्यांना हे विचित्र वाटलं. आता मांडवात पाय ठेवल्या ठेवल्या स्वतःहून ओरडतात आणि रिसिव्हरवरचा लाल दिवा, म्हणजे आवाज कुवतीबाहेर गेल्याची खूण, लागला का ते विचारतात.

पिनेची गोष्ट राहिली.

त्या रात्रीनंतर मी नवे दोन हेडमाईक मागवले. विकणाऱ्याने सांगितलं, तीन पिनांचा मिनी एक्सएलआर प्लग आहे, तुमच्या ट्रान्समीटरला बसेल. बसला. खटकन बसला. आणि आवाज आला तो विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा, बारीक आणि सू सू करणारा. मी दोन दिवस ट्रान्समीटरवर संशय घेतला, मग बॅटरीवर, मग रिसिव्हरच्या अँटेनावर. शेवटी पिनेचं झाकण उघडलं आणि मल्टिमीटर लावला.

हे माईक इलेक्ट्रेट जातीचे असतात. त्यांच्या पोटात एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला जगायला थोडी वीज लागते, ती ट्रान्समीटर पुरवतो. कुठल्या पिनेवरून पुरवायची, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं आहे. एकेजीच्या तीन पिनांत १ वर अर्थिंग, २ वर आवाज, ३ वर वीज. शुअरचा प्लग चार पिनांचा. तिथे १ अर्थिंग, २ वर ५ व्होल्ट, ३ वर आवाज, आणि चौथ्या पिनेचं काम आणखी वेगळं. सेनहायझर आणि सोनी दोघांचेही काही ट्रान्समीटर साडेतीन मिलिमीटरचा, फिरवून घट्ट करायचा जॅक घेतात. जुळ्या भावांसारखे दिसतात, आतली जोडणी वेगळी. माझ्या नव्या माईकमध्ये वीज ज्या पिनेवर हवी होती तिथे ती मिळतच नव्हती. माईक उपाशीपोटी बोलत होता. दोन तारा सोडवून जागा बदलल्या, डाग दिला, झाकण लावलं. त्याच माईकमधून माझ्या पुतणीचा आवाज असा स्वच्छ आला की ती स्वतःच दचकली.

व्होल्टचंही तसंच. ५ व्होल्टवर मापलेला माईक ३ व्होल्ट देणाऱ्या ट्रान्समीटरवर बोलतो, तक्रार करत नाही, आणि म्हणूनच फसवतो. हळू बोललं तर सगळं छान. आवाज चढला की तो लवकर फाटतो, कारण उडी मारायला वर जागाच कमी. लग्नाच्या सूत्रसंचालनात हे कधीच उघडं पडणार नाही. दशावतारात तासाभरात पडतं.

माझी एक ठाम समजूत झाली आहे, ती इथे सांगतो. बाजारात गाण्याबजावण्यासाठी म्हणून एका बाजूचंच ऐकणारे हेडमाईक जास्त खपवतात, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून जी शिट्टी वाजते ती कमी येते म्हणून. नाटकासाठी मी चारी बाजूंनी ऐकणारा घेतो. एकाच बाजूचं ऐकणारा माईक गालावरून बोटभर सरकला की आवाजाचा पोतच बदलतो, तोंडाच्या फार जवळ गेला की घुमतो, ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर मारतो. आणि दशावतारात तो सरकणारच. लढाई आहे, मुकुट आहे, घाम आहे. शिट्टी मी स्पीकर नटांच्या पुढे आणि बाजूला ठेवून आवरतो. पत्र्याच्या सभामंडपात ते कठीण जातं, हे खरं. तरी मी शिट्टीशी भांडेन, सरकलेल्या माईकशी भांडता येत नाही.

मुकुटाची गंमत वेगळी. कानाला अडकवायचा आकडा आणि मुकुटाच्या दोऱ्या एकाच जागी येतात. दोन तासांनी कानामागे ठणका लागतो आणि नट नकळत माईक ढकलतो. त्यावर आम्ही मुकुटवाल्यांच्या बाबतीत आकडा काढून टाकला. माईक कपाळाच्या केसांच्या रेषेवर, मुकुटाच्या काठाच्या जरा खाली, औषधांच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीने. काठाच्या आत ठेवला तर डब्यातून बोलल्यासारखं येतं, अर्धा इंच बाहेर काढला की मोकळं. तिथे तोंडापासूनचं अंतर वाढतं, म्हणून तिथे तिखट कानाचा माईक चालतो. बघा, तोच माईक ओठाशी घातक आणि कपाळावर योग्य. स्त्रीपार्टी नटाची वायर अंबाड्यातून मानेवरून पाठीत उतरते आणि ट्रान्समीटर नऊवारीच्या कासोट्याच्या वर कमरेला. अँटेना घामाने भिजलेल्या अंगाला चिकटू द्यायची नाही. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम अर्धा मीटर, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर ती लहर पिऊन टाकतं. मी ट्रान्समीटर आधी कापडी पिशवीत घालतो आणि मग बांधतो.

आणि खारा वारा. पुण्याचे साऊंडवाले माझ्या डब्यांना हसतात, त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे फेब्रुवारीतही पहाटे मांडवावरून दव टपटपतं. घाम मिठाचा, वारा मिठाचा. वायरीवरून घामाचा ओघळ सरळ माईकच्या तोंडाशी जातो आणि आवाज अचानक कापूस कोंबल्यासारखा होतो. म्हणून कानामागे वायरीला एक लहानसा खालचा वळसा ठेवायचा, थेंब तिथून गळून पडतो. उत्तररात्री टोपी बदलायची, कारण चेहऱ्याच्या रंगातलं तेल जाळीत बसतं. पिनेच्या तांब्यावर हिरवा थर धरतो, तो वर्षातून दोनदा साफ करायचा. एवढं करूनही पावसाळ्यानंतर सहातला एखादा माईक मुका निघतोच. त्याला मी टाकत नाही. आठवडाभर तांदळाच्या पिंपात नव्हे, तशी अफवा आहे, कोरड्या डब्यात ताज्या पुड्यांबरोबर ठेवतो. कधी जागा होतो.

हवेतल्या भांडणाबद्दल थोडंच सांगतो. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइल आले. ७०३ ते ७४८ मध्ये फोन बोलतात, ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर. माझे जुने दोन सेट नेमके ७४० च्या पुढचे. दुपारी रिकाम्या मांडवात साफ चालायचे आणि रात्री माणसं जमली की चिरकायचे. ते आता मी भजनाच्या घरगुती कार्यक्रमांनाही देत नाही. आणि सहा सेट लावताना फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर ठेवायच्या नाहीत. ६५०.० आणि ६५०.४ एकत्र बोलले की त्यांचं भूत ६४९.६ वर आणि ६५०.८ वर उठतं. तिसरा नट तिथेच उभा असेल तर त्याच्या तोंडून दोघांचा गोंगाट.

गेल्या माघात पुन्हा अभिमन्यू लागला. गाव दुसरं, कंपनी तीच, काका तेच. पासष्टी ओलांडली आहे, तरी उभं राहिले की अर्जुन. पाच नंबरचा डबा त्यांचा. कमी कानाचा माईक, ट्रान्समीटरवर गेन खालून दुसऱ्या खुणेवर, पिनेचा डाग मी स्वतः दिलेला. मी बसल्या जागेवरून रिसिव्हरच्या लाल दिव्याकडे बघत होतो, रंगमंचाकडे नाही. मृदंग थांबला. पायपेटीचा एक सूर. ते खाली बसले आणि पुटपुटले. वेगळंच काहीतरी, सुभद्रेच्या झोपेबद्दल. मग उठले आणि गर्जले. दिवा लागला नाही. मागच्या बाजूला खाज्याच्या दुकानापर्यंत शब्द न् शब्द गेला. खाजं तोलणारा माणूस तराजू हातात धरून तसाच थांबला होता.

दहीकाला झाल्यावर मी रंगपटात गेलो. काका खोबरेल तेलाने चेहऱ्याचा रंग काढत होते. माईक त्यांनी आधीच सोडवून स्वच्छ रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. तो हातात घेताना मी विचारलं, ‘काकानु, त्या वर्षी तुमी म्हटलास, उरलेली अर्धी कथा. पुढे काय म्हटलास?’

त्यांनी अर्धा रंग पुसलेला चेहरा वर केला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. गालावरून निळं तेल ओघळत होतं.

‘झिला, माका खंय आठवता?’ ते म्हणाले. ‘तू ऐकलंस मा?’

‘अर्धाच ऐकलंय,’ मी म्हटलं.

बाहेर पोरांनी भोंगे उतरवायला घेतले होते. मी माईकची टोपी काढली, आतली जाळी पुसली, पुडी बदलली आणि पाच नंबरच्या डब्याचं झाकण लावलं.